चहाच्या पाण्यात बुडवलेलं पातळ

त्यांनी माझ्या आईचं पातळ चहाच्या पाण्यात बुडवलं, तेव्हा मी बादलीपासून हातभर अंतरावर उभी होते.

कॉलेजच्या सभागृहामागची खोली. रंगीत तालमीचा दिवस. कॅन्टीनमधून चहाचा उरलासुरला चोथा आणून गरम पाण्यात कालवला होता. पातळ हिरवं, सुती, लाल काठाचं. आदल्या दिवशी आईनं ते धुतलं होतं, भाताच्या पेजेची कांजी केली होती आणि घडी घालून गादीखाली दाबून ठेवलं होतं. ती घडी मोडायचं माझ्याच जिवावर आलं होतं. ऋजुतानं ती दोन बोटांनी उचलली, झटकली आणि बादलीत सोडली. वरून लाकडी पट्टीनं दाबलं.

"इतकी स्वच्छ साडी कामवालीची असते होय?" निखिलदादा म्हणाला. "लोकांना वाटेल, बाई लग्नाला निघालीय."

सगळे हसले. हिरवा रंग आधी काळा पडला, मग मातकट झाला. लाल काठ कुठं संपतो ते दिसेना.

"पदर फाडा रे कुणीतरी. ठिगळ लावू."

मी "थांबा" म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. ओठ हलले, आवाज आलाच नाही. आवाज कसा लावायचा, पोटातून कसा आणायचा, शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा, हे सगळं मला त्याच खोलीत शिकवलं होतं. पदर टर्रकन फाटला.

"घे. आता जरा गरीब दिसतेय," असं म्हणून निखिलदादानं ते ओलं बोचकं माझ्या हातात दिलं.

निखिलदादा आमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. संध्याकाळी मोटारसायकलवरून थेट तालमीला यायचा. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र तालमीतही काढायचा नाही. तेव्हा कोथरूडच्या गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, घरटी एकेक पोरगा अमेरिकेला चालला होता, आणि जे जाणार नव्हते ते नाटक करत होते. निखिलदादा दोन्ही करणार होता. प्रोजेक्टवर जाण्याआधी आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा त्याला जिंकायचीच होती.

एकांकिका त्यानंच लिहिलेली. कोथरूडमधलं एक घर. मुलगा अमेरिकेला जातोय. त्याच गडबडीत सोन्याची साखळी हरवते. आळ येतो कामवाल्या शांतावर. शेवटी साखळी मुलाच्याच बॅगेत सापडते. मालकीणबाईंना वाईट वाटतं, त्या शांताला आपली जुनी साडी देतात, शांता रडत त्यांच्या पाया पडते. पडदा.

मालकीण ऋजुता. ती राहायला कोथरूडला, मोठी होऊन तशीच मालकीण होणारी. शांता मी.

पात्रं वाटताना निखिलदादानं सगळ्यांना विचारलं होतं, घरी कोण काय करतं. मी लपवलं नाही. लपवण्यासारखं काय होतं त्यात? वडील सिंहगड रोडवरच्या एका कारखान्यात रंगकाम करतात, आई कोथरूडला घरकामाला जाते. आम्ही विदर्भातले. पोटासाठी पुण्याला आलेले, धायरीत दोन खोल्यांत भाड्यानं राहणारे.

"मग झालंच की!" तो टाळी वाजवून म्हणाला. "तुला अभिनय करायचीही गरज नाही. नुसती उभी राहा."

मला तेव्हा राग आला नाही, हे आज सांगताना मला राग येतो. मी हरखले होते. पहिल्याच वर्षी स्पर्धेच्या नाटकात काम! त्या स्पर्धेत जो दिसला त्याला पुढची नाटकं मिळतात, हे पुण्यातल्या प्रत्येक नाटकवाल्या पोराला ठाऊक होतं. मला नाटकच करायचं होतं. दुसरं काही नाही. आणि पात्र असं, जे मी जन्मल्यापासून पाहत आलेले. मी मनाशी म्हटलं, बघाच आता.

मग तालमी सुरू झाल्या आणि मला कळायला लागलं की मला काहीच येत नाही.

आधी चाल. मी आईसारखी चालले. आई झपाझप चालते. धायरीहून तिला बस गाठायची असते. लहानपणी तिचं बोट धरून चालायचं म्हणजे मला पळावंच लागायचं. मान वर, नजर समोर, पिशवी काखेत.

"थांब, थांब. हे काय? कामवाली आहे की मुख्याध्यापिका?" निखिलदादा म्हणाला. "कमरेत वाक. खांदे पाड. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं दिसलं पाहिजे मला."

"माझी आई अशीच चालते."

"असेल. पण खोटं वाटतंय."

मग भाषा. मी आईचं बोलणं केलं. मले, तुले, काहून. शाळेत याच बोलण्यावर पोरं हसली होती म्हणून मी ते तोंडातून खरवडून काढलं होतं. आता पहिल्यांदाच ते उघड्यावर बोलायला मिळणार म्हणून मला आतून बरं वाटत होतं. निखिलदादानं हात वर केला.

"ते वैदर्भीय नको हं. लोक हसतात. साधी गरिबाची भाषा कर."

गरिबाची भाषा. ती कुठल्या तालुक्यात बोलतात, हे मी विचारायला हवं होतं. मी संवाद त्याला हवे तसे म्हटले. "आवं बाईसाहेब, म्या गरीब हाय वं." माझ्या घरात असं कुणीही बोलत नाही. गरीब असलो तरी "मी गरीब आहे" हे वाक्य आईच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

एकदा खुर्चीचा खेळ झाला. पात्र घडवायची ही एक रीत. नटानं मधल्या खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी गोल करून प्रश्न विचारायचे आणि नटानं पात्र म्हणूनच उत्तरं द्यायची. मी बसले. शांता होऊन.

"नवरा काय करतो?"

"कारखान्यात जातो."

"पितो का?"

"नाही."

"मारतो?"

"नाही."

कुणीतरी खुसखुसलं. "मग संध्याकाळी करतो तरी काय घरी येऊन?"

"रेडिओ ऐकतो. मुलीला गणितं घालतो."

आता सगळेच हसले. ऋजुता तर डोळे पुसत होती. "अगं मग हिच्यात नाटक कुठाय?" ती म्हणाली. तिनं पुढचा प्रश्न विचारला. "आमच्याकडचं काही चोरलंयस कधी? खरं सांग."

मी पात्रात होते. निदान मला तसं वाटत होतं. पण ती शांताला विचारत होती की मला? तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कदाचित तिलाही कळत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"नुसतं नाही? रडणार नाहीस? शपथा घेणार नाहीस?"

"नाही चोरलं. मग रडू कशाला?"

निखिलदादानं मोठा सुस्कारा सोडला. "हे बघ, तू शांताला समजूनच घेत नाहीयेस. नवरा पितो आणि मारतो. ठरलं. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं करू, मेकअपला सांगतो मी."

झालं. माझ्या वडलांच्या हातात एका वाक्यात बाटली दिली आणि आईचा डोळा सुजवला. तेही तिला समजून घेण्यासाठी.

मी एकदाच धीर केला. चहाच्या सुट्टीत विचारलं, "दादा, तुमच्या घरी कोण येतं कामाला?"

"येते एक बाई."

"नाव काय त्यांचं?"

"मावशी म्हणतो आम्ही." मग जरा थांबून म्हणाला, "आईला माहीत असेल."

आणि हा मला सांगत होता की माझं खोटं वाटतं.

साडीचं असं झालं. "ड्रेपरीवाल्याकडची भाड्याची नको, घरून आण, अस्सल पाहिजे," असं त्यानं मला बजावलं. मी आईला म्हटलं, तुझं एखादं जुनं पातळ दे. ती कामाला नेसते त्यातलंच मागितलं होतं मी. आई माझ्याकडं बघतच राहिली.

"चारचौघांत जुनं नेसशीन? येडी झाली का?"

आणि तिनं पेटीतून ते हिरवं काढलं. मामानं दिलेलं. गाव सोडताना तिच्या भावानं तिच्या हातावर ठेवलेलं. लग्नकार्याशिवाय ती ते नेसत नसे. मी नको नको म्हणत होते, ती ऐकेना. तिच्या लेकीचं पात्र तिच्यासारखंच घरकाम करणारं आहे, एवढं मी सांगितलं होतं. ते ऐकून तर तिनं तेच काढायचं ठरवलं. "घरकामवाली हाय तं मंग चांगलीच दिसली पायजे," म्हणाली. जिथं कामाला जायची त्या साऱ्या घरी तिनं सांगून ठेवलं होतं, माझ्या पोरीचं नाटक आहे, त्या संध्याकाळी मी येणार नाही. पहिल्या रांगेत बसणार होती ती.

रंगीत तालमीनंतर ते ओलं बोचकं मी प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि बसनं घरी आले. पिशवीतून पाणी गळत होतं. शेजारची बाई पाय आखडून बसली.

आई भाकरी थापत होती. पिशवी बघून उठली, पातळ बाहेर काढलं, दिव्यापाशी धरलं.

"काय सांडलं वं?"

"सांडलं नाही. त्यांनी केलं. मुद्दाम."

"काहून?"

सांगू नये असं वाटत होतं. पण मला खोटं सांगवेना. दिवसभर खोटं बोलून तोंड विटलं होतं.

"कामवालीची साडी इतकी चांगली नसते, म्हणाले."

आईनं तवा खाली उतरवला. पातळ मोरीत नेलं, साबण लावला, घासायला बसली. मी वाट बघत होते की ती आता शिव्या देईल. तिला येतात. रेशनच्या रांगेत तिनं भल्याभल्यांना पाणी पाजलंय. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती घासत राहिली. चहाचा डाग हटला नाही. फाटलेला पदर हातात आला तेव्हा ती थांबली. "माह्या भावानं देल्लं होतं," एवढंच म्हणाली.

मग पातळ पिळता पिळता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "मंग मी कोणतं नेसून येऊ?"

मला आधी समजलंच नाही.

"चांगलं नेसून आली तं तुह्या मास्तरले चालन का? तिथं बाकीच्या बाया काय नेसतीन?"

यात टोमणा नव्हता. आईला टोमणे मारता येत नाहीत, ते पुण्याचं काम. ती खरंच विचारत होती. लेकीच्या नाटकाला जायचं तर घरकाम करणाऱ्या बाईनं स्वच्छ दिसावं की मळकं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. आपल्यामुळं लेकीचं काही चुकू नये म्हणून. रोज पहाटे उठून केसांना तेल लावून, धुतलेलं नेसून बाहेर पडणारी बाई. तिला एका संध्याकाळीत स्वतःच्या नेसण्याची शंका यायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती त्या मोरीपाशी. बादलीपाशी मी भेदरले होते. इथं मला सगळं लख्ख दिसलं. त्यांनी नुसतं पातळ खराब केलं नव्हतं. माझी आई जशी नाही तशी बाई त्यांनी तयार केली होती, आणि ती बाई माझ्या अंगावर चढवून, माझ्या तोंडून, माझ्याच आईला दाखवणार होते. अन् मी त्यात मदत करत होते. कंबर वाकवून.

"सगळ्यात चांगलं नेस," मी म्हटलं.

"सगळ्यात चांगलं हेच होतं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या नाट्यगृहाबाहेर मी निखिलदादाला गाठलं. सामान उतरवत होता. मी त्याला सरळ सांगितलं. "तुम्ही सांगता तशी शांता मी करणार नाही. ती ताठ चालेल. डोळा काळानिळा नाही. साडी धुतलेली असेल. पाया पडणार नाही. संवाद तेच ठेवते. असं चालत असेल तर करते."

त्यानं आधी हसण्यावारी नेलं. "साडीचा राग आला होय? अगं नवी घेऊन देऊ आईला."

"साडीचं नाही."

"मग कशाचं?"

"ती तशी नाही."

"बाई गं," त्यानं हात जोडले, "ही एकांकिका आहे. तुझ्या मातोश्रींचा सत्कार समारंभ नाही."

मागं ऋजुता आणि बाकीचे उभे होते. कुणी हसलं नाही. प्रयोग तोंडावर आला होता.

"मग दुसरी बघा," मी म्हटलं. या वेळी आवाज आला. पोटातून आला.

त्याचा चेहरा बदलला. हळू आवाजात, समजुतीनं बोलला. "नीट विचार कर. आज नाही म्हणालीस तर या ग्रुपचं दार बंद. बाकीच्या ग्रुपमध्येही आम्हाला ओळखतात. तुझ्यासारख्यांना अशी संधी परत परत मिळत नाही."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

त्यानं घड्याळ बघितलं. मी थांबले. खरंच थांबले, उत्तराची वाट बघत. त्यानं वळून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीला हाक मारली. तिला सगळे संवाद पाठ होते. ड्रेपरीवाल्याकडून एक साडी आली, नाट्यगृहाच्या कॅन्टीनमधून चहा आला. एवढं सोपं होतं ते.

संध्याकाळी आई आली. जांभळं पातळ, चापूनचोपून नेसलेलं, केसांत मोगऱ्याचा गजरा. मी प्रेक्षागृहाच्या दारातच उभी होते. मला तिथं बघून ती घाबरली.

"तू इथं काहून? आत जाय ना. उशीर होईन."

"मी नाही त्यात, आई. सोडलं."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मला तिला घरी नेता आलं असतं. नेलं नाही. बघायला आली होती, तर बघू दे म्हटलं.

पडदा उघडला. शांता आली. कमरेत वाकलेली, डोळा काळानिळा, फाटका मळका पदर. आली तशी सभागृहातून एक "च्च" उठला. "म्या गरीब हाय वं," शांता म्हणाली, आणि मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. शेवटी साडी घेऊन ती ऋजुताच्या पायांवर कोसळली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनंही टाळ्या वाजवल्या. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "लयच गरीब होती बिचारी."

आईला ती ओळखू आली नाही. कशी येणार? त्यात ओळखण्यासारखं होतं काय? पण आसपास बसलेल्या सगळ्यांना ती ओळखू आली होती. उद्या सकाळी हीच माणसं आपापल्या घरचं दार उघडणार होती आणि समोर माझी आई उभी असणार होती.

अभिनयाचं पारितोषिक त्या मुलीला मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, असं वास्तव रंगभूमीवर क्वचितच दिसतं.

"वास्तव म्हंजे?" आईनं विचारलं.

"खरं."

आईनं रंगमंचाकडं एकदा बघितलं. "असंन बापा," म्हणाली आणि पिशवी काखेत मारून उठली. बस चुकली असती.

निखिलदादानं शब्द पाळला. त्या कॉलेजात असेपर्यंत मला कुठल्याही नाटकात काम मिळालं नाही. पडदे ओढायचंही नाही. आईनं ते हिरवं पातळ टाकलं नाही. फाटलेला पदर शिवला आणि ते कामाला नेसायला काढलं. म्हणाली, आता कामालेच होईन. तिनं ते विरेपर्यंत नेसलं. त्यांनी जे म्हटलं होतं ते खरं करून दाखवलं होतं. आता ती कामवालीची साडी होती. रोज सकाळी आई ते नेसून दाराबाहेर पडायची आणि रोज सकाळी मी ते बघायचे. कुणी मला म्हणतं, झालं गेलं विसर. का विसरू?

नाटक मी सोडलं नाही. आता माझ्याकडं मुलं तालमीला येतात. धायरीतलीही येतात, कोथरूडची जास्त येतात. हुशार असतात, सगळ्यांना गरिबांविषयी फार कळवळा असतो. कुणी मोलकरीण करतं, कुणी वॉचमन, कुणी मंडईतली भाजीवाली. आणि पहिल्याच दिवशी कंबर वाकते. मी तालीम थांबवते. विचारते, "ती बाई हे नाटक बघायला आली, तर काय नेसून येईल?"

पुष्कळदा मुलं हातातली संहिता चाळायला लागतात. उत्तर येत नाही.

ज्याला येत नाही त्याला मी उभं करत नाही. घरी पाठवते. म्हणते, तुझ्या घरी जी येते तिला आधी नाव विचार. मग ये. काही जण चिडतात. काही जण परत येत नाहीत.

न येवोत.